विहिरीचं लोह आणि सडक्या अंड्याचा वास: फिल्टर आठ महिने वापरल्यावर

आमच्या विहिरीचं पाणी काढल्या काढल्या काचेसारखं दिसायचं. तासाभरात बादलीत तांबूस व्हायचं आणि तळाशी विटकरी गाळ बसायचा. पांढरे कपडे तर गेलेच. डाग काढायला ब्लीच वापरलं, तर ते आणखी पक्के झाले, कारण क्लोरीनने पाण्यातल्या लोहाचा तिथेच गंज होतो. त्यात भर सडक्या अंड्यासारख्या वासाची.

आधी पाणी तपासून घेतलं, हे बरं केलं. लोह लिटरला 3.8 मिलिग्रॅम निघालं, डाग 0.3 च्या वर गेलं की पडू लागतात. वासाचा वायू, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, विहिरीपाशीच तपासला. बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो उडून जातो.

मग हवा कोंडणारा फिल्टर बसवला. टाकीत वर हवा असते. पाणी तिच्यातून खाली पडताना विरघळलेल्या लोहाचे कण होतात आणि खालचा मँगनीज डायऑक्साइडचा थर ते अडवतो. अडकलेला गाळ रात्री बॅकवॉशमध्ये उलट्या धारेने बाहेर पडतो. दोन दिवसांत पाणी निवळलं.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा पिवळट झाक दिसली. विक्रेत्याने थेट मीडिया, म्हणजे फिल्टरमधला तो गाळणारा थरच, बदलायला सांगितलं. मला ते पटेना. बादली आणि घड्याळ घेऊन पंपाची धार मोजली: 20 लिटरला 70 सेकंद, म्हणजे मिनिटाला जेमतेम 17 लिटर. पत्रकात बॅकवॉशला किमान 25 लिटर लिहिलं होतं. फूटव्हॉल्व्हची, म्हणजे विहिरीत पंपाच्या पाइपच्या तळाशी असलेल्या झडपेची, जाळी गाळाने गच्च भरली होती. ती साफ केल्यावर तीच बादली 45 सेकंदांत भरली. लागोपाठ तीन बॅकवॉश दिले. पहिल्याला अक्षरशः चिखल आला, तिसऱ्याला स्वच्छ पाणी. मीडिया अजून तोच आहे. फिल्टर घेण्याआधी पंपाची धार मोजाच, माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच.

वासाने मात्र जास्त छळलं. गार पाणी ठीक, गरम नळ सोडला की तोच भपकारा. आणखी एक कार्बन फिल्टर लावा, असा सल्ला मिळाला. दोष होता गीझरची टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेल्या मॅग्नेशियमच्या दांड्यात. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याच्या आधाराने हा वायू तयार करतात. टाकी धुऊन अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा दांडा बसवला आणि वास गेला तो गेलाच.

तक्रारी दोन. बॅकवॉशला दर वेळी 250 लिटरच्या आसपास पाणी जातं, आणि त्याचा आवाज रात्री झोपमोड करतो. वेळ बदलून घेतली.

परवा पुन्हा तपासलं, लोह 0.1 वर आलं आहे. पण तुमच्या फ्लशच्या टाकीत आतून बुळबुळीत तांबडा थर असेल, तर ते लोहजिवाणू असू शकतात. अशा वेळी विहिरीचं क्लोरिनेशन आधी करून घ्या, नाहीतर मीडियाचे गठ्ठे होतात.