टिंबर मार्केटमधील कटपीसची वखार आणि भिंतीवरचे पुस्तकांचे कपाट

घरात सुतारकाम झाले की 8 बाय 4 फुटांच्या शीटमधून उरलेले प्लायवूडचे तुकडे माळ्यावर जातात आणि पुढच्या रंगकामापर्यंत तिथून हलत नाहीत. अशा तुकड्यांतून भिंतीवर टांगायचे दोन खणांचे पुस्तकांचे कपाट करायचे मनात असेल, तर पुण्यातील भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधील ज्या वखारीत मी ते काम करून घेतले, तिच्याविषयीचे माझे मत उपयोगी पडेल. जुन्या चौकटींचे सागवान, मोठ्या कामांतून उरलेले प्लायवूडचे कटपीस आणि कापण्याचे मशीन या तिन्ही गोष्टी तिथे एकाच छपराखाली मिळतात. तरीही तिथे जावे ते मशीनसाठी, स्वस्त मालासाठी नव्हे.

हातकरवतीने कापलेली फळी दिसायला सरळ असते, पण चार फळ्या जोडून चौकट उभी केली की सूत-दोन सुतांचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक कोपऱ्यांत उघडा पडतो. या वखारीत घरून नेलेले तुकडेही प्रत्येक कापामागे ठरलेला दर घेऊन कापून देतात. मशीनवरच्या मिस्त्रींनी मापे लिहिलेला कागद हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारला, "फळी आडवी लागणार की उभी?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण प्लायवूडच्या वरच्या थरातील रेषा फळीच्या लांबीला समांतर असतील तर ती फळी वजनाखाली कमी वाकते, आणि तुकडे आधीच लहान असल्यामुळे ही दिशा सांभाळत मापे बसवणे हेच त्यातले खरे कौशल्य असते. त्यांनी प्रत्येक कापात पात्याच्या जाडीपोटी जाणारे सुमारे 3 मिलिमीटरही हिशेबात धरले. सगळ्या उभ्या फळ्या मशीनवरच्या टेकूला, म्हणजे माप पक्के धरणाऱ्या सरळ पट्टीला, तो न हलवता लावून कापल्या होत्या. त्यामुळे जोडणीनंतर आतल्या कोपऱ्यांत काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला तेव्हा कुठेही फटीतून उजेड दिसला नाही. एक उणीव सांगायला हवी. पाते वरून खाली येत कापत असल्यामुळे फळीच्या खालच्या अंगाला कपच्या उडतात, तेव्हा चांगली बाजू वर ठेवा, असे आपणच आवर्जून सांगावे लागते.

मालाविषयी मात्र सावध राहावे. पूर्ण शीटवर आयएस 303 (सर्वसाधारण वापराचे प्लायवूड) किंवा आयएस 710 (मरीन प्लायवूड) असा भारतीय मानकाचा शिक्का असतो; कटपीसवर तो बहुधा आलेलाच नसतो आणि विक्रेता सांगेल तो दर्जा मान्य करण्याखेरीज ग्राहकाच्या हाती काही उरत नाही. म्हणून कड नीट पाहावी. थरांमध्ये पोकळी दिसत असेल, टिचकी मारल्यावर मधेच आवाज बदलत असेल किंवा बारीक छिद्रांतून पिठासारखा भुगा पडत असेल, तर तो तुकडा फुकटातही घेऊ नये, कारण ती कीड पुढे घरातल्या इतर लाकडातही शिरू शकते. सागवानाच्या बाबतीत वखार प्रामाणिक वाटली: चौकटीचा तुकडा मशीनवर चढवण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवून मोडलेले खिळे शोधले गेले. अर्थात ती काळजी आपल्या लाकडापेक्षा त्यांच्या पात्याची अधिक असावी. त्या सागाच्या पट्ट्या फळ्यांच्या दर्शनी कडांना लावल्या की प्लायवूडचे थर झाकले जातात. खिळ्यांभोवतीचे काळे डाग मी रंध्याने पूर्ण काढले नाहीत, ते शोभतात.

मापे घरूनच पक्की करून न्यावीत. डेमी आकाराचे पुस्तक साडेआठ इंच उंच असते, तेव्हा एका खणाची उंची 10 इंच आणि दिवाळी अंकांसाठी दुसऱ्याची 12 इंच पुरते. फळी 18 मिलिमीटरची घ्यावी आणि आधारांमधील अंतर अडीच फुटांपलीकडे नेऊ नये.

या वखारीची सर्वांत कच्ची बाजू म्हणजे टांगण्याविषयीचा सल्ला. गल्ल्यावर बसलेल्या गृहस्थांनी मला तसबिरीला लावतात तसल्या पातळ पत्र्याच्या कड्या पुढे केल्या. ठासून भरलेल्या एका फूट फळीवरची पुस्तके सहज आठ-दहा किलो भरतात. अडीच फुटांचे दोन खण म्हणजे चाळीस-पन्नास किलो वजन, आणि ते त्या कड्यांवर सोडणे धोक्याचे आहे. त्याऐवजी मी एक पट्टी मिस्त्रींकडून लांबीत 45 अंशांच्या तिरक्या कापाने चिरून घेतली: तिचा एक भाग भिंतीवर, दुसरा कपाटाच्या पाठीला, आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. हे काम त्यांनी बिनचूक केले. भिंतीवरच्या भागाचे स्क्रू मात्र नुसत्या गिलाव्यात नव्हे, तर विटेत खोलवर रुतायला हवेत, म्हणून स्क्रू पकडण्यासाठी भिंतीच्या छिद्रात बसवायच्या गिट्ट्या निदान 50 मिलिमीटर लांबीच्या घ्याव्यात. नव्या इमारतींतल्या हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतींसाठी वेगळ्या गिट्ट्या येतात. त्या या वखारीत नव्हत्या, हार्डवेअरच्या दुकानातून आणाव्या लागल्या.

कापलेला माल परत घेत नाहीत आणि दुपारी मशीनवर मोठ्या कंत्राटदारांची गर्दी असते. सुट्ट्या कामासाठी सकाळी दुकान उघडतानाच जावे, आणि पट्ट्यांसह सगळे काप एकाच कागदावर लिहून न्यावेत, कारण एकेका पट्टीसाठी मशीनचा टेकू पुन्हा हलवायला मिस्त्री नाखूश असतात.