खानदेशच्या उन्हात इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन: घेण्याआधी काय पाहावे

आखाजीपासून मृग लागेपर्यंतचा काळ आमच्या यावल-रावेर पट्ट्यात औजारांच्या दुरुस्तीचा असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत गावातल्या वेल्डिंगच्या दुकानासमोर ट्रॉल्या, कल्टिव्हेटर आणि रोटाव्हेटर यांची रांग लागते. त्यासाठीच खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी 200 अँपिअरचे सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन ठेवले आहे. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आणि दोन-तीन औजारे आहेत त्याने ते जरूर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पेटीवर छापलेले आकडे आपल्या उन्हात आणि आपल्या व्होल्टेजवर जसेच्या तसे मिळत नाहीत.

जुने ट्रान्सफॉर्मरचे मशीन हलवायला दोन माणसे लागत, हे पट्ट्याने खांद्याला अडकवून नेता येते. कामाचा दर्जा तर खरोखर समाधान देणारा आहे. कल्टिव्हेटरच्या फ्रेमला टॉप लिंकचा ब्रॅकेट जिथे जोडलेला असतो, तिथे हादरे बसून केसासारखी बारीक चीर पडते. ती ग्राइंडरने तळापर्यंत उघडून, इंग्रजी व्हीसारखी खाच करून, पहिला थर 2.5 मिमीच्या 6013 (साध्या लोखंडासाठीच्या नेहमीच्या) रॉडने 80 अँपिअरवर आणि वरचा थर 3.15 मिमीच्या रॉडने 110 अँपिअरवर भरला, तेव्हा रॉड एकदाही चिकटला नाही. हातोडीचा हलका ठोका बसताच वरची खपली सलग सुटली आणि खाली एकसारखे वेल्डिंग दिसले.

अडचण जाड कामात येते. ट्रॉलीच्या चेसिसला 4 मिमीच्या रॉडने 160 अँपिअरवर सलग काम करताना भर दुपारी पिवळा दिवा लागतो आणि मशीन थांबते. हा बिघाड नव्हे, तापलेले मशीन स्वतःला थांबवते. अशा मशीनवर लिहिलेली 60 टक्के ड्यूटी सायकल म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे काम, आणि तीही साधारणपणे 40 अंश तापमान धरून मोजलेली असते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, पत्र्याखाली तर त्याहून अधिक. म्हणून जड काम सकाळी दहाच्या आत उरकावे, आणि दिवा लागल्यावर मशीन बंद न करता पंखा चालू राहू द्यावा. कपाशीचे तंतू आणि काळी धूळ पंख्याच्या जाळीत बसतात. प्लग काढून, थोडा वेळ थांबून, ती हवेने साफ करणे हे नियमित कामच समजावे.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. 100 अँपिअरवर वेल्डिंग करताना हे मशीन लाइनवरून सुमारे 16 अँपिअर ओढते, त्यामुळे खांबापासून लांब असलेल्या शेडमध्ये बारीक वायरवर व्होल्टेज पडते आणि ज्योत तुटत राहते. मशीनचा खर्च धरताना जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग यांचाही खर्च धरावा.

प्रत्येक मोडलेली वस्तू वेल्डिंगने जोडू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. रोटाव्हेटरची पाती उष्णोपचार केलेल्या पोलादाची असतात; वेल्डिंगच्या उष्णतेने त्यांची कठीणता जाते आणि जोडाशेजारी ती पुन्हा तुटतात, तेव्हा पाते बदलणेच योग्य. अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ, घासून स्वच्छ केलेल्या लोखंडाला लावावा, कारण तो दूर लावल्यास करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पडतात. औजार ट्रॅक्टरपासून सोडूनच काम करावे. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करावे लागल्यास आधी बॅटरीची वायर काढावी, आणि इसीयू (इंजिन सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) असलेल्या नव्या ट्रॅक्टरवर तर कंपनीच्या पुस्तिकेतली सूचना पाहिल्याशिवाय हातच लावू नये.

माझी खरी तक्रार सोबत मिळालेल्या केबलबद्दल आहे. ती जेमतेम दोन मीटरची आणि पातळ होती, आणि होल्डर थोड्याच कामात हाताला चटका बसेल इतका तापत असे. शेवटी पाच मीटरची तांब्याची जाड केबल आणि नवा होल्डर वेगळा विकत घ्यावा लागला. खरेदी करताना पेटी दुकानातच उघडून केबल पाहावी, आणि वॉरंटी कार्डावर सिरीयल नंबरासह शिक्का त्याच वेळी घ्यावा. सर्व्हिस सेंटर बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि मृगाच्या तोंडावर मशीन तिकडे अडकून पडणे कोणालाच परवडत नाही.