व्याजदर कोणाच्या हातात: सरकारच्या की मध्यवर्ती बँकेच्या?

निवडणूक तोंडावर आली की कुठल्याही सरकारला स्वस्त कर्ज हवंसं वाटतं. महागाईचा फटका बसतो तो नंतर. म्हणूनच व्याजदर कोण ठरवतं, याला फार महत्त्व आहे.

तुर्कस्तानचं बघा. मार्च 2021 मध्ये मध्यवर्ती बँकेने दर 17 वरून 19 टक्क्यांवर नेला आणि दोनच दिवसांत गव्हर्नरची उचलबांगडी झाली. नवे गव्हर्नर आले, वर्षअखेर दर 14 टक्क्यांवर उतरला, तिथलं चलन लिरा गडगडलं. ऑक्टोबर 2022 मध्ये महागाई 85 टक्क्यांच्या वर गेली होती. पगारदार आणि पेन्शनर यांचं यात अक्षरशः कंबरडं मोडतं, आणि मला याचीच सर्वात जास्त चीड येते.

ब्रिटनने 1997 मध्ये उलट वाट धरली. महागाईचं लक्ष्य सरकार ठरवतं, सध्या ते 2 टक्के आहे. दर मात्र बँक ऑफ इंग्लंडची नऊ जणांची समिती मतदानाने ठरवते. महागाई लक्ष्यापासून एका टक्क्याहून जास्त ढळली, तर गव्हर्नरला अर्थमंत्र्यांना जाहीर पत्र लिहून कारणं द्यावी लागतात. हे पत्र मला फार मोलाचं वाटतं, कारण स्वायत्तता असूनही जाब द्यावाच लागतो.

अर्थात ही व्यवस्था फुकट नाही. न्यूझीलंडने 1989 च्या कायद्याने बँकेला मोकळीक दिली, महागाई आटोक्यातही आली, पण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बेरोजगारी 10 टक्क्यांच्या पुढे गेली. तरीही निवड करायची तर दर मध्यवर्ती बँकेच्या हाती देणारी व्यवस्थाच मी निवडेन.