सर्व्हरच्या नावांची नवी पद्धत : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या कार्यालयातील चाळीसेक सर्व्हरची नावे बदलून आठ महिने झाले. पूर्वी यंत्र जो बसवी तोच नाव ठेवी. त्यामुळे काही ग्रह होते, काही पक्षी होते, आणि 'नवा' नावाचा सर्व्हर सर्वांत जुना होता. 'मेल' नावाच्या यंत्रावरून मेल केव्हाच हलवलेला होता आणि तिथे हजेरीची प्रणाली चालत होती; ते रिकामे समजून एकाने भरदुपारी बंद केले, तेव्हा हा विषय ऐरणीवर आला.

आता यंत्राच्या नावात ठिकाण, प्रत्यक्ष वापर की चाचणी हे सांगणारे एक अक्षर आणि क्रमांक एवढेच असते. कामाचे नाव डीएनएसमध्ये (नावावरून यंत्राचा नेटवर्कवरील पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत) सीनेम नोंद, म्हणजे यंत्राच्या खऱ्या नावाकडे बोट दाखवणारे टोपणनाव, म्हणून वेगळे ठेवले आहे. तिसऱ्या महिन्यात फाइल सर्व्हर बिघडला, तेव्हा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून आम्ही फक्त ती नोंद बदलली; टीटीएल (संगणकांनी जुनी नोंद लक्षात ठेवण्याचा काळ) ३०० सेकंदांचा असल्याने कोणाच्याही संगणकावर काही बदलावे लागले नाही. मात्र हे टोपणनाव फुकट मिळत नाही. विंडोजच्या फाइल शेअरसाठी त्या नावाचा एसपीएन (सेवेचे ओळखनाव) नोंदवेपर्यंत केर्बेरॉस ही ओळख पडताळणारी प्रणाली अडून बसली होती, आणि वेब सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांतही टोपणनावे घालावी लागली.

लांबीच्या बाबतीत आम्ही सुरुवातीलाच चुकलो. डीएनएसमध्ये नावाच्या एका भागाला ६३ अक्षरे चालतात, म्हणून आम्ही १९ अक्षरांची ऐसपैस नावे योजली. परंतु नेटबायोस या विंडोजमधील जुन्या नाव-पद्धतीला १५ अक्षरांपुढचे दिसत नाही आणि आमचे क्रमांक नेमके शेवटी होते, त्यामुळे दोन यंत्रे एकाच नावाची झाली. अधोरेखा (_) तर यजमान-नावात, म्हणजे यंत्राच्या नावात, चालतच नाही.

खरी तक्रार वेगळीच आहे. ही नावे फोनवर सांगता येत नाहीत. 'बारा' आणि 'बावीस' यांत रात्री दोन वाजता गफलत होते, तशी 'गरुड' आणि 'बुध' यांत कधीच झाली नव्हती. १९९० सालच्या आरएफसी ११७८ या इंटरनेटविषयक तांत्रिक टिपणात खरे शब्द वापरा, अर्थहीन अक्षरसमूह लक्षात राहत नाहीत, असे सांगितलेले आहे. ते मी तेव्हा जुनाट म्हणून बाजूला सारले होते. आभासी यंत्रे (प्रत्यक्ष यंत्रावर सॉफ्टवेअरने उभी केलेली) आठवड्याला येतात-जातात, त्यांना क्रमांकच बरे. ज्या सहा यंत्रांपुढे रात्री प्रत्यक्ष जाऊन उभे राहावे लागते, त्यांना मात्र गेल्या महिन्यात पुन्हा पक्ष्यांची नावे दिली आणि ती मोठ्या अक्षरांत रॅकवर चिकटवली.