एक्सेलचे ‘रेकमेंडेड चार्ट्स’ रिपोर्टसाठी कितपत चालतात?

मायक्रोसॉफ्टने एक्सेल २०१३ मध्ये ‘रेकमेंडेड चार्ट्स’ची सोय दिली. तक्ता निवडून इन्सर्ट टॅबवरचं बटण दाबलं की तुमच्याच आकड्यांचे काही तयार आलेख समोर येतात. घाईच्या वेळी याचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण हे साधन फक्त तक्त्याची ठेवण वाचतं: रकाने किती, पहिल्या रकान्यात मजकूर की तारखा, आकडे कोणत्या पट्ट्यातले. वाचणाऱ्याला काय सांगायचं आहे, ते त्याला ठाऊक नसतं. एकाच तक्त्यातून ‘कोणता विभाग पुढे’, ‘वर्षभरात काय बदललं’ आणि ‘एकूणात कोणाचा वाटा किती’ असे तीन प्रश्न निघतात, आणि तिन्हींना वेगवेगळे आलेख लागतात. म्हणून प्रश्न आधी एका वाक्यात लिहून काढावा आणि मगच ते बटण दाबावं.

तुलनेसाठी एक्सेल बहुतेकदा उभे कॉलम सुचवतं. नावं आखूड असतील आणि गट सात-आठच असतील तर ते ठीक. नावं लांब असली की एक्सेल ती तिरकी करतं आणि वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागते. तिथे आडवा बार चार्ट घ्या. त्यात एक अडचण ठरलेली: तक्त्यातली पहिली ओळ आलेखात सर्वांत खाली जाते. उभ्या अक्षावर क्लिक करून कंट्रोल+१ दाबा आणि ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’वर खूण करा. मग आकड्यांचा अक्ष वर सरकतो. तो खाली आणायला तिथेच ‘ॲट मॅक्सिमम कॅटेगरी’ निवडा. कॉलममधली फट एक्सेल मुळात २१९ टक्के ठेवतं, म्हणजे फट कॉलमच्या दुपटीहून रुंद. ती ५० ते ८०च्या दरम्यान आणली की आलेख भरीव दिसतो.

याहून गंभीर दोष अक्षाचा आहे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण १६.७ टक्क्यांपेक्षा कमी असला, की एक्सेल अक्ष शून्यापासून सुरू करत नाही. समजा आकडे ९२ ते ९८च्या दरम्यान आहेत आणि अक्ष ९० पासून सुरू झाला. मग ९८चा कॉलम ९२च्या चौपट उंच दिसतो. खरा फरक मात्र साडेसहा टक्क्यांचा. कॉलमची उंची हाच त्याचा आकडा असतो, त्यामुळे इथे किमान मूल्य हाताने ० टाकलंच पाहिजे. फरक बारीक असून तोच दाखवायचा असेल तर कॉलम सोडून ठिपके किंवा रेषा वापरा. तिथे वाचणारा उंची नव्हे, जागा पाहतो, म्हणून अक्ष मधूनच सुरू झाला तरी चालतो.

काळानुसार बदलासाठी एक्सेल लाइन चार्ट पुढे करतं आणि ही शिफारस सहसा बरोबर असते. घोळ आकड्यांच्या बाजूने होतो. वर्षांच्या रकान्याला शीर्षक असेल तर २०२१, २०२२ हेही मोजायचे आकडे समजून एक्सेल त्यांची वेगळी रेषा काढतं. त्या रकान्याच्या माथ्याची पेशी रिकामी ठेवा किंवा ‘सिलेक्ट डेटा’मधून ती मालिका काढून वर्षं अक्षाला जोडा. तारखा मजकूर म्हणून साठवलेल्या असतील तर मधले सुटलेले महिने आलेखात दिसतच नाहीत. जानेवारी आणि मे शेजारी-शेजारी बसतात आणि चढ खोटा दिसतो. सूत्रातून दोन अवतरणचिन्हं देऊन ‘रिकामी’ केलेली पेशी तर रेषेला थेट शून्यावर आपटते. तिथे एनए (‘आकडा उपलब्ध नाही’ असं सांगणारं) फंक्शन वापरा. खरोखर रिकाम्या पेशींचं काय करायचं, ते ‘सिलेक्ट डेटा’मधल्या ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’मध्ये ठरवता येतं. फिल्टरने लपलेल्या ओळी आलेखातून आपोआप गळतात, हेही तिथेच बदलता येतं.

मोजमापांमधलं अंतर असमान असेल, उदाहरणार्थ १, २, ५, १० मिनिटांनी घेतलेल्या नोंदी, तर लाइन चार्ट चुकीचा. तो या चारही खुणा समान अंतरावर मांडतो. तिथे रेषांसह स्कॅटर, म्हणजे दोन्ही अक्षांवर खरे आकडे मांडणारा आलेखच हवा.

पाय चार्ट, म्हणजे वर्तुळाच्या फोडींचा आलेख, १८०१ मध्ये स्कॉटिश अभियंता विल्यम प्लेफेअरने काढला, बार आणि रेषा त्याआधी १७८६ मध्ये. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की एकाच मापपट्टीवरची जागा माणूस कोनापेक्षा अचूक वाचतो. २३ आणि २६ टक्क्यांच्या फोडी नजरेला सारख्याच वाटतात; बारमध्ये फरक लगेच कळतो. दोन-तीन भाग असतील, बेरीज १०० होत असेल आणि एक भाग ठळक असेल, तेवढ्यापुरता पाय घ्या. थ्री-डी पाय कुठेच नको: पुढची फोड तिरकेपणामुळे मोठी भासते.

एक्सेल २०१६ पासून हिस्टोग्राम (कोणत्या गटात किती नोंदी), बॉक्स प्लॉट (आकड्यांचा मध्य आणि पसारा) आणि वॉटरफॉल (टप्प्याटप्प्याने वाढ-घट) आले, ही खरी मोलाची भर. सरासरीच्या एका कॉलममागे दडलेला पसारा हिस्टोग्राम उघडा करतो. गटांची रुंदी एक्सेल स्वतः ठरवतं आणि ती ३.७सारखी अवघड येते. अक्षाच्या सेटिंगमध्ये ‘बिन विड्थ’ ५ किंवा १० करा. वॉटरफॉलमध्ये अखेरच्या बेरजेच्या कॉलमवर ‘सेट ॲज टोटल’ द्यायचं राहिलं तर ती बेरीज आधीच्या आकड्यांवर पुन्हा चढते आणि एकूण दुप्पट दिसतं. हे नवे प्रकार दुसऱ्या आलेखात मिसळता येत नाहीत, आणि २०१३ किंवा त्याआधीच्या एक्सेलमध्ये त्यांच्या जागी फक्त ‘हा आलेख उपलब्ध नाही’ अशी सूचना असलेली चौकट येते. फाइल अशा ठिकाणी जाणार असेल तर आलेख चित्र म्हणून चिकटवा.

रक्कम आणि टक्केवारी शेजारी असली की दोन अक्षांचा कॉम्बो, म्हणजे कॉलम आणि रेषा एकत्र, सुचवला जातो. ती शिफारस आम्ही नाकारू. रेषा कॉलमला कुठे छेदते हे केवळ दोन मापपट्ट्यांच्या निवडीवर ठरतं, पण वाचणारा त्यात संबंध शोधतो. त्याच आडव्या अक्षावर एकाखाली एक असे दोन छोटे आलेख जास्त स्पष्ट.

एवढी दुरुस्ती दर महिन्याला करायची नसेल तर तयार आलेखावर राइट-क्लिक करून ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’ द्या. फट, रंग, फाँट आणि अक्षाचं किमान ० त्यात टिकतं. कमाल मूल्य मात्र ऑटोवरच ठेवून सेव्ह करा, नाहीतर पुढच्या महिन्याचा मोठा आकडा आलेखाच्या माथ्याशी कापला जातो.