आर्क्टिक लिक्विड फ्रीझर ३ (३६०): आधी संगणकाची केस मोजा, मग ऑर्डर द्या

सीपीयूला पाण्याने थंड करणाऱ्या या कूलरबद्दल पहिली गोष्ट सांगायची ती मापाची. तापमानाचं नंतर. पाण्यातली उष्णता बाहेर टाकणारा त्याचा रेडिएटर ३८ मिमी जाड आहे. बाजारातल्या बहुतेक ३६० एआयओंचा (तीन १२० मिमी पंख्यांच्या, कारखान्यातूनच पाणी भरून येणाऱ्या कूलरांचा) २७ मिमीच्या आसपास असतो. त्यात २५ मिमीचे पंखे मिळवले की ६३ मिमी होतात, आणि लांबी ३९८ मिमी. केसच्या खोक्यावर ‘३६० रेडिएटर बसतो’ असं छापलेलं असतं ते सहसा पातळ रेडिएटर धरून. तेव्हा केसच्या छतापासून मदरबोर्डच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीनेच मोजा. ते ६३ मिमीपेक्षा कमी भरलं, तर पंखे बोर्डासमोर उतरतात आणि व्हीआरएमच्या (सीपीयूला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) हीटसिंकला किंवा उंच रॅमला अडतात. छताची रेल बोर्डापासून बाजूला सरकवलेली असेल तर निभावतं. जागा पुरेशी असली तरी सीपीयूची ८ पिनी पॉवर केबल रेडिएटर चढवण्याआधीच लावून घ्या, नंतर तिथे बोट शिरत नाही.

ही जाडी उगाच नाही. धातू आणि पाणी दोन्ही जास्त, त्यामुळे तेवढीच उष्णता कमी आरपीएमवर (पंख्यांच्या मिनिटाला कमी फेऱ्यांवर) बाहेर जाते. सोबतचे तीन पी१२ पंखे २०० ते १८०० आरपीएममध्ये चालतात आणि रेंडरिंगसारख्या लांबलचक कामातही त्यांना सतत वरच्या टोकाला नेण्याची गरज पडत नाही. एलसीडी नाही, सॉफ्टवेअर नाही. पैसा थंड करण्यावर खर्च झालेला आहे, आणि ते योग्यच आहे.

इंटेलच्या एलजीए १७०० आणि १८५१ सॉकेटवर खरी मेहनत आहे. लांबट सीपीयूला इंटेलची मूळ पकड मधल्या दोन ठिकाणीच दाबते, त्यामुळे त्याचं झाकण किंचित वाकतं आणि कूलरचा तळ सगळीकडे सारखा टेकत नाही. आर्क्टिक त्या जागी स्वतःची काँटॅक्ट फ्रेम देते आणि ती बसवावीच लागते, कारण कूलर तिच्यावरच कसला जातो. बोर्ड सपाट ठेवून काम करा. उभ्या बोर्डावर मूळ पकडीचे चार टी२० टॉर्क्स स्क्रू काढले की मागची बॅकप्लेट निसटून पडू शकते. पकड निघाल्यावर सीपीयू सॉकेटमध्ये नुसता टेकलेला असतो. त्याला ढकलू नका, उचलू नका. फ्रेमचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, एका वेळी पाव फेरा, असे आवळत न्या. एक बाजू जास्त आवळली गेली तर संगणक सुरू होत नाही किंवा रॅमचं एक चॅनल गायब होतं. अशा वेळी रॅमला दोष देण्याआधी फ्रेम सैल करून पुन्हा सारखी आवळा. काढलेली पकड आणि तिचे स्क्रू पिशवीत घालून जपा, बोर्ड वॉरंटीला पाठवताना ते लागतील.

एएमडी रायझनच्या एएम५ सॉकेटवर काम सोपं. प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट काढायचे, बॅकप्लेट तशीच ठेवायची. आर्क्टिकच्या पट्ट्या कूलरचा तळ मुद्दाम मध्यापासून थोडा खाली नेतात, कारण रायझनच्या गरम चिप झाकणाखाली मधोमध नसतात. सोबतची ०.८ ग्रॅम एमएक्स-६ पेस्ट एका वेळेला पुरते. सगळ्या झाकणावर पातळ थर पसरवा आणि तळावर प्लास्टिकचं आवरण राहिलेलं नाही ना, ते पाहा.

रेडिएटर छताला लावणं उत्तम. पंखे आधीच बसवलेले येतात आणि त्यांची दिशा याच जागेसाठी आहे: पंखे खाली, हवा रेडिएटरमधून वर. पुढच्या बाजूला लावायचा तर ते तसेच ठेवून चालत नाही, हवा उलटी बाहेर फेकली जाईल. तिन्ही पंखे सोडून उलटे करावे लागतात. पुढे लावल्यास सीपीयूला ताजी हवा मिळते, पण ग्राफिक्स कार्डाला गरम झालेली. जागा कोणतीही असो, रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं. वर्षानुवर्षांत नळ्यांतून थोडं पाणी झिरपून उडतं आणि आत हवा साठते. पंपच सर्वांत उंच असेल तर ती हवा तिथे अडकते, खळखळ ऐकू येते आणि पंप झिजतो.

खोक्यात दोन केबल आहेत. एकीत पंप, व्हीआरएमवरचा ४० मिमीचा छोटा पंखा आणि रेडिएटरचे पंखे एकाच पीडब्ल्यूएम (वेग ठरवणाऱ्या) सिग्नलवर चालतात. दुसरीत तिन्हींची तोंडं वेगळी. वेगळी तोंडं असलेली वापरा. एकाच सिग्नलवर पंखे हळू केले की पंपही हळू होतो, आणि छोटा पंखा २५०० आरपीएमकडे गेला की त्याची किणकिण कानाला लागते. पंप मदरबोर्डवरच्या एआयओ पंप हेडरवर (केबल खोचायच्या पिनांवर), पंखे सीपीयू फॅन हेडरवर लावा. सीपीयू फॅन हेडर रिकामा राहिला तर अनेक बोर्ड सुरू होताना पंख्याची एरर दाखवून थांबतात.

तपासताना दहा मिनिटांच्या सिनेबेंच चाचणीवर विसंबू नका. पाणी तापून स्थिरावायला अर्धा तास लागू शकतो, तेवढा वेळ लोड ठेवून एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये आकडे बघा. पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. मे महिन्यात नागपुरात खोली ४० अंशांवर असेल, तर २५ अंशांच्या खोलीतल्या चाचण्यांच्या आकड्यांत साधारण १५ मिळवा. याच कारणाने कोकणातल्या दमट हवेतही आत दव जमण्याची भीती नाही. रायझन ९ ७९५०एक्स पूर्ण लोडवर ९५ अंश दाखवत असेल तर घाबरू नका. ती त्याची ठरवून दिलेली मर्यादा आहे आणि तो तिथवर मुद्दाम जातो. अशा वेळी तापमानाऐवजी वॉट आणि क्लॉक बघा.

रायझन ७ ७८००एक्स३डी वर गेमिंगच करायचं असेल तर हा घेऊ नका, दोन टॉवरचा चांगला एअर कूलर पुरतो. २५३ वॉटपर्यंत जाणाऱ्या आय९-१४९००के सारख्या चिपवर मात्र यातला प्रत्येक मिलिमीटर कामी येतो. एलजीए १२०० किंवा त्याआधीचं सॉकेट असेल तर हा बसणारच नाही.

आपल्याकडच्या धुळीत पंखे आणि रेडिएटरच्या पात्यांच्या मध्ये गादीसारखा थर साचतो आणि जाड रेडिएटरमध्ये तो बाहेरून दिसत नाही. दर तीन-चार महिन्यांनी पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारा. मोकळी सोडली तर ती भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. कंपनीची वॉरंटी ६ वर्षांची आहे, पण भारतात बदली कोण देणार हे दुकानदाराला खरेदीआधीच विचारा आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.