डोळ्यांवर ठेवायचा जेलचा पट्टा : सोलापूरच्या उन्हाळ्यापासून गड्ड्याच्या यात्रेपर्यंत

गेल्या मार्च महिन्यात नवी पेठेतील एका औषधाच्या दुकानातून मी डोळ्यांवर ठेवायचा थंड जेलचा पट्टा साडेतीनशे रुपयांना विकत घेतला आणि त्यानंतरचे दहा महिने असा पट्टा जवळजवळ रोज वापरला. एवढ्या काळात त्याचे गुण-दोष दोन्ही पुरेसे कळले असल्याने, ज्यांचे डोळे सतत चुरचुरतात किंवा खाजतात त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेलच्या कारखान्यात मी संगणकावर नक्षीकाम करते. दिवसाचे आठ-नऊ तास पडद्याकडे पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात, आणि शेजारच्या यंत्रमागांच्या खात्यात चक्कर मारली की सुताची बारीक तुसे हवेत तरंगताना उजेडात स्पष्ट दिसतात. त्यात एप्रिल-मेमधील बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे कोरडे ऊन असते. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपायचे आणि नकळत हात डोळ्यांकडे जायचा. नेत्रतज्ज्ञांनी तपासून डोळे कोरडे आहेत आणि सोबत अ‍ॅलर्जीही आहे असे सांगितले, कृत्रिम अश्रूंचे थेंब लिहून दिले, आणि दिवसातून दोनदा थंड घड्या ठेवण्यास सांगितले. डोळे चोळायचे नाहीत, अशी सक्त ताकीदही दिली, कारण वर्षानुवर्षे जोरात चोळण्याच्या सवयीचा संबंध बुबुळावरील पारदर्शक पटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याच्या विकाराशी जोडला जातो.

पट्ट्यासोबतच्या कागदावर तो दोन तास फ्रीजरमध्ये ठेवावा असे लिहिले होते आणि पहिल्या दिवशी मी तसेच केले. ती चूक होती. बाहेर काढला तेव्हा जेल दगडासारखे घट्ट झाले होते, पट्टा चेहऱ्याच्या वळणावर बसतच नव्हता, आणि त्याची कड गालाच्या हाडावर टेकली तिथे दोन मिनिटांत चटका बसल्यासारखे होऊन कातडीवर लाल रेघ उमटली. पापण्यांची कातडी शरीरातील सर्वांत पातळ कातडी आहे, तिला गोठलेली वस्तू थेट लावणे योग्य नाही. तेव्हापासून पट्टा मी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, भाजीच्या ट्रेच्या वर, स्वच्छ डब्यात ठेवते. तेथे तो थंडही होतो आणि मऊही राहतो. डोळ्यांवर आधी आमच्याच कारखान्यातील धुतलेल्या मऊ रुमालाची एक घडी ठेवते, तिच्यावर पट्टा ठेवते आणि दहा मिनिटे पाठीवर पडून राहते. मे महिन्यातील खोलीत त्याचा गारवा सात-आठ मिनिटांतच ओसरायचा, पण माझ्या अनुभवाने तेवढाही वेळ पुरतो.

परिणामाबद्दल सांगायचे तर खाज सर्वांत आधी थांबते. अ‍ॅलर्जीत पापण्यांच्या आतील आवरणातील पेशींमधून हिस्टामिन बाहेर पडते, रक्तवाहिन्या फुगतात, डोळे लाल होतात आणि पापण्या सुजतात. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि खाजेची जाणीव मंदावते. माझा लालसरपणा वीसेक मिनिटांत दिसण्याइतका कमी व्हायचा आणि आराम दीड-दोन तास टिकायचा. चुरचुरण्यावरचा परिणाम मात्र वेगळ्या वाटेने होत असावा, असे वाचनातून माझे मत झाले आहे. बुबुळावरील पटलाचे तापमान साधारण चौतीस अंश असते आणि त्यात गारवा ओळखणारे अतिशय संवेदनशील मज्जातंतू असतात. पापणी उघडी असताना अश्रूंचा थर वाळू लागतो, पृष्ठभाग अंशाच्या काही भागाने थंड होतो, आणि हे मज्जातंतू ते टिपून अश्रू स्रवण्याचा निरोप धाडतात. या मज्जातंतूंवर गारवा ओळखणारा जो ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतो, त्याचे नाव टीआरपीएम८ असे आहे. त्याच्या शोधात वाटा असलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना तापमान व स्पर्श यांच्या ग्राहकांवरील संशोधनासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत कोरड्या डोळ्यांसाठी मंजूर झालेले अ‍ॅकोल्ट्रेमॉनचे थेंब याच ग्राहकाला चेतवून अश्रू वाढवतात. घरोघरी आजीने ठेवलेल्या गार पाण्याच्या घडीमागे एवढे शास्त्र आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला.

मेन्थॉलही याच ग्राहकाला चेतवते. म्हणून मेन्थॉल किंवा कापूर घातलेले थेंब टाकताच डोळा गार वाटतो, पण ती थंडाव्याची नुसती जाणीव असते आणि चिडलेल्या डोळ्याला ती झोंबूही शकते. मी ते वापरून सोडून दिले. त्याऐवजी कृत्रिम अश्रूंचे थेंब फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवले आणि त्यांचा गारवा फार सुखद वाटला. मात्र आपल्या बाटलीवर फ्रीजमध्ये ठेवू नये असे छापले नाही ना, हे आधी पाहावे, आणि कोणतेही थेंब गोठू देऊ नयेत.

आता पट्ट्याचे दोष. दुकानात दोन प्रकार होते, एक डोळ्यांच्या जागी भोके असलेला आणि दुसरा सलग. मी भोकांचा घेतला, कारण तो लावून चालता-फिरता येईल असे वाटले. पण त्यात गारवा भुवयांना आणि गालांना मिळतो, पापण्यांपर्यंत पोहोचतच नाही. डोकेदुखीसाठी तो ठीक असेल, डोळ्यांच्या जळजळीसाठी सलगच हवा. आठवड्याने तो बहिणीला दिला आणि सलग पट्टा आणला. त्याचा मागचा बंद ताणून बांधला तर डोळ्यांवर दाब पडतो, म्हणून बंद सोडून पट्टा नुसता ठेवावा. जुलैमध्ये त्याच्या डाव्या टोकाची शिवण उकलली आणि निळे जेल रुमालावर पाझरले. रुमाल मध्ये होता म्हणूनच ते डोळ्यांत गेले नाही. दुकानदाराने बदलून देण्यास नकार दिला, त्याचे मला वाईट वाटले. तिसरा पट्टा घेताना शिवण बोटांनी दाबून पाहिली आणि वळकटी करून दोन्ही टोके तपासली. बाहेरून ओल धरत असल्याने पट्टा वापरल्यावर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करावा लागतो, आणि तो घरातील दुसऱ्या कोणाला वापरायला देऊ नये, विशेषतः डोळे आलेले असताना.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला होम मैदानावरील गड्ड्यातून, म्हणजे तिथे भरणाऱ्या जत्रेतून, फिरून आलो तेव्हा धुळीने घरातल्या सर्वांचेच डोळे लाल झाले होते. अशा वेळी पट्टा लगेच ठेवणे चुकीचे आहे, हे मी तेव्हा शिकले. पापणीखाली कण अडकलेला असेल तर गारव्याने खुपणे तेवढ्यापुरते दबते, पण कण पटलावर ओरखडे काढतच राहतो. आधी कृत्रिम अश्रूंनी डोळे धुऊन काढावेत, खुपणे थांबल्याची खात्री करावी आणि मगच थंडावा द्यावा. पुतण्याचे खुपणे धुऊनही थांबले नाही तेव्हा त्याला सकाळी नेत्रतज्ज्ञांकडे नेले.

माझ्या सहकाऱ्याला हा पट्टा मुळीच मानवला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. त्याच्या पापण्यांच्या कडांवरील तेलग्रंथी तुंबलेल्या होत्या. त्या ग्रंथींतील तेल घट्ट झालेले असते, ते पातळ होण्यासाठी ऊब लागते, आणि त्याला डॉक्टरांनी दिवसातून दोनदा कोमट घड्याच सांगितल्या आहेत. दोन्ही त्रासांना आपण बोलताना कोरडे डोळेच म्हणतो, पण उपाय उलटे आहेत, तेव्हा तपासणीआधी पट्ट्यावर पैसे घालू नयेत. डोळ्यांवर नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, तसेच मधुमेहामुळे कातडीची संवेदना कमी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये. दृष्टी अंधुक होत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा पू येत असेल तर घड्यांत वेळ न घालवता तपासून घ्यावे.

साडेतीनशे रुपयांना वस्तू वाजवी आहे का, तर रोज त्रास असणाऱ्याला आहे, कारण पट्ट्याचे पाणी मानेवर ओघळत नाही आणि कामावरून आल्यावर तो तयार असतो. कधीतरी त्रास होणाऱ्याने तो घेण्याची गरज नाही. माठातील गार पाण्यात बुडवून पिळलेला सुती रुमाल, दर दोन मिनिटांनी उलटून ठेवला, तर तेवढाच आराम देतो. दिवसभर वीज नसलेल्या एका रविवारी मी तेच केले होते, आणि त्या दिवशी पट्ट्याची आठवणही झाली नाही.